तिकीट कोणाला, हे मतदारानं का ठरवू नये?

2024 च्या विधानसभेला अर्ज भरायची मुदत 29 ऑक्टोबरला संपली. शेवटच्या दिवसापर्यंत कित्येक मतदारसंघांत एबी फॉर्म, म्हणजे पक्षाची अधिकृत उमेदवारी देणारा कागद, कोणाच्या हाती पडणार, हे कार्यकर्त्यांनाही ठाऊक नव्हतं. फोनवर गावाकडचे मित्र महायुती आणि महाविकास आघाडीवरून तावातावानं भांडत होते. उमेदवार कोण हवा असं विचारलं की मात्र सगळ्यांचं एकच उत्तर: ते वरून ठरतं. हे उत्तर मला आता पचत नाही, कारण मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात राहते आणि उमेदवार ठरवण्याच्या कामात स्वतः भाग घेतला आहे.

3 फेब्रुवारी 2020, सोमवार, संध्याकाळचे सात. डेमॉक्रॅटिक पक्षाचं कॉकस, म्हणजे अध्यक्षपदाचा उमेदवार निवडायची स्थानिक बैठक. त्या वर्षीपर्यंत इथे पडद्याआड मत टाकायचं नव्हतं. आपल्याला हव्या त्या उमेदवाराच्या गटात सर्वांसमोर जाऊन उभं राहायचं. बहुतेक केंद्रांवर ज्या गटात 15 टक्के माणसं जमायची नाहीत तो बाद व्हायचा, आणि त्यातल्या लोकांना आपल्याकडे ओढायला बाकीचे गट धावायचे. मी सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांच्या गटात होते. पाच कोटी डॉलरवरच्या संपत्तीवर कर लावून त्यातून सगळ्यांच्या मुलांच्या पाळणाघरांची सोय करण्याची त्यांची योजना मला मनापासून पटली होती. माझी शेजारीण समोर दुसरे इच्छुक बर्नी सँडर्स यांच्या गटात उभी होती. आम्ही एकमेकींना पटवायचा भरपूर प्रयत्न केला. दोघी जागच्या हलल्या नाहीत, आणि आमच्यात कटुताही आली नाही.

मार्चमध्ये वॉरन यांनी माघार घेतली, एप्रिलमध्ये बायडन यांना पाठिंबा दिला. त्याच बायडन यांना 2019 च्या वादसभेत कमला हॅरिस यांनी कडक शब्दांत धारेवर धरलं होतं. ऑगस्ट 2020 मध्ये बायडन यांनी त्यांनाच उपाध्यक्षपदासाठी निवडलं. आपल्याकडे पक्षातल्या पक्षात दुसरं नाव घेतलं की माणूस बंडखोर ठरतो.

कॉकसमध्ये दोष आहेत. रात्रपाळीचे कामगार, तान्ही मुलं असलेल्या आया, त्या संध्याकाळी किती जणांना येता आलं असेल? त्या वर्षी निकाल कळवायचं अ‍ॅप कोलमडलं, आकडे यायला कित्येक दिवस लागले. 2024 च्या निवडणुकीसाठी पक्षानं आयोवाचा सगळ्यांत आधी कौल देण्याचा मानही काढून घेतला. आणि चारचौघांत बाजू घेणं सगळीकडे सारखं सोपं नाही. जिथे उसाला तोड वेळेवर मिळेल की नाही, सोसायटीचं कर्ज मंजूर होईल की नाही याची धास्ती असते, तिथे शेतकऱ्यानं भर सभेत कोणाच्या मागे उभं राहावं असं मी म्हणणार नाही. त्याचं मत गुप्तच राहिलं पाहिजे.

पण उमेदवार निवडीत त्याला मतच नाही, याचं समर्थन कसं करायचं? 2014 च्या लोकसभेला काँग्रेसनं मोजक्या मतदारसंघांत अंतर्गत निवडणूक घेऊन उमेदवार ठरवले, त्यांत वर्धा आणि लातूरही होते. मत होतं ते पदाधिकाऱ्यांना, सामान्य मतदाराला नाही. त्या वर्षीच्या मोदी लाटेत दोन्ही जागा भाजपकडे गेल्या आणि तो प्रयोग पुढे रुजला नाही. मला याचं फार वाईट वाटतं. त्या वर्षी वरून लादलेले उमेदवारही धडाधड पडले, म्हणून तिकीटवाटपाची पद्धत कुणी सोडली का?

इथल्या मराठी मंडळींशीही माझा वाद आहे. जिथे आपलं मत नाही त्या महाराष्ट्राच्या तिकिटांवर ती रात्र रात्र बोलतात, आणि इथल्या प्रायमरीचा, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाचा, विषय निघाला की गप्प होतात. ग्रीन कार्डवाल्याला देणगी देता येते. व्हिसावर आलेल्यालाही पगार न घेता प्रचारात काम करता येतं. नागरिकाला तर मतही आहे. आपल्या उमेदवाराची पाटी अंगणात लावायला भ्यायचं कशासाठी?

गावाकडच्या मित्रांना मी सध्या एवढंच सांगते आहे: पुढच्या जिल्हा परिषदेला तुमच्या पक्षाच्या तालुकाध्यक्षाला लेखी मागणी द्या. एका गटात तरी नोंदलेल्या सदस्यांचं गुप्त मतदान घ्या, इच्छुकांना आठवडाभर गावोगाव उघड प्रचार करू द्या, आणि जिंकेल त्याच्या हाती एबी फॉर्म द्या.