झोप आलेल्याला टेबलावरून उठवा

सकाळी आपल्या पोकरच्या ग्रुपवर एकाचा मेसेज. "रात्रभर बसलो, पहाटे लॉस कव्हर!" खाली टाळ्याच टाळ्या. डोकंच फिरलं. कौतुक कसलं करताय?

पोकर मला किती आवडतो ते तुम्हाला माहीत आहे. हा डोक्याचा खेळ आहे म्हणून मी घरच्यांशीही भांडतो. मग डोकं झोपलेलं असताना खेळायचं कशाला?

माझा मामेभाऊ आमच्यात सगळ्यात शांत खेळणारा. गेल्या वर्षी रात्रभर गाडी हाकत पुण्याहून पणजीला आला, दिवसभर भटकला आणि रात्री मांडवीतल्या कॅसिनोत टेबलाला बसला. मी मागेच उभा होतो. पहाटे तीननंतर तो हातातल्या दोन पानांची टोकं सारखी उचलून बघायला लागला. बदाम की चौकट, तेच लक्षात राहत नव्हतं त्याच्या! मी खांद्यावर हात ठेवला, त्याने झटकला.

मग बदामची नव्वी-अठ्ठी आली, फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, आणखी दोन बदाम. इथून फ्लश, म्हणजे पाच पानं बदामाची, साधारण तिनातून एकदा लागतो, हे मला त्यानेच शिकवलेलं. समोरचा माणूस तासभर गप्प होता, आणि नेमका आता रेज करत होता, म्हणजे पैसे वाढवत होता. एरवी भावाने पानं टाकली असती. त्या रात्री ऑल-इन, सगळ्या चिप्स पुढे. बदाम आलाच नाही. लगेच पुन्हा बाय-इन, म्हणजे पैसे देऊन नव्या चिप्स, आणि शेजारचे म्हणतात, "बस रे, येईल परत." या शेजारच्यांचा मला खरा राग आहे.

सलग १७ तास जागलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा वागतो, हे १९९७ सालीच मोजून झालंय. आपल्याकडे ०.०३ च्या वर गेलं की गाडी चालवणं गुन्हा. भाऊ तर अख्खा दिवस-रात्र जागा होता.

टुर्नामेंटमधून मध्येच उठता येत नाही, ठीक आहे, मान्य. पण कॅश गेममध्ये चिप्स कधीही पैशांत बदलता येतात, तिथे कोणी बांधून ठेवलंय? चिप्स उचला, कॅशिअरकडे जा, झोपा. टेबल उद्याही तिथेच असतं.

भावावर मी चिडलेलो नाही. त्या आठवड्यात ऑफिसात त्याचं काय चाललं होतं ते आम्हाला नंतर कळलं. थकलेला, दुखावलेला माणूस हरलेले पैसे परत आणायला बसला की त्याला पानं दिसतच नाहीत, फक्त तो आकडा दिसतो. अशा वेळी त्याच्या माणसांनी उठवायचं असतं.

पुढच्या महिन्यात गोव्याला जातोय ना आपण? आत्ताच सांगतो. किती पैसे लावायचे ते जेवतानाच ठरेल, आणि एक वाजला की सगळे उठतील, जिंकत असा नाहीतर हरत. ज्याला पटत नसेल त्याने वेगळी गाडी करावी.