रॅक सर्व्हरवाल्या साहेबांना, जरा सविस्तर

साहेब (नाव दिलं नाहीत म्हणून साहेबच म्हणतो), ऑफिसातला जुना छोटा पीसी घरात चोवीस तास चालणारा सर्व्हर म्हणून वापरायचा, या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. ईसीसी (चुका स्वतः सुधारणारी रॅम), बॅकअप, प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) असं बरंच लिहिलंत, पण सुरुवात केलीत "यूट्यूब बघून ज्ञान पाजळणारे" अशी आणि शेवट "हे खेळणं आहे, एवढ्या पैशात जुना झिऑनवाला रॅक सर्व्हर आला असता, नवख्यांची दिशाभूल करू नका" असा. (झिऑन म्हणजे इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर, रॅक सर्व्हर म्हणजे लोखंडी सांगाड्यात रेल्सवर आडवं सरकवायचं मशीन.) चूक दाखवा, मी खाली मान घालून ऐकेन. पण समोरचा कोण, काय काम करून आलाय हे माहीत नसताना पहिल्या वाक्यातच त्याची अक्कल काढायची, ही कुठली पद्धत? आपल्याकडे मराठीत या विषयावर लिहिणारे आधीच कमी, त्यात कोणी लिहिलं की लगेच असं अंगावर यायचं, मग पुढे कोण कशाला लिहील.

तर यूट्यूबचं. मी एका सहकारी बँकेच्या सर्व्हर रूममध्ये बरीच वर्षं काढलीत. तुम्ही सांगताय तसलीच मशीन होती, दोन झिऑन, दोन पॉवर सप्लाय, दोघांनी दोन बाजूंनी धरून रेल्सवर सरकवायची. एसी बंद पडला की फॅन असे काही सुटायचे की दाराबाहेर उभं राहूनसुद्धा फोनवर बोलता यायचं नाही. त्या मशीनबद्दल मला आदर आहे, पगार त्यांच्यावरच निघालाय माझा. पण ती वेगळी खोली, वेगळा एसी आणि वेगळं बिल गृहीत धरून बनवलेली असतात, आणि मी लिहिलं होतं घराबद्दल, दोन-तीन खोल्यांच्या घराबद्दल, जिथे मशीन टीव्हीच्या कपाटात बसणार आणि चोवीस तास चालू राहणार.

आणि चोवीस तास हाच सगळा मुद्दा आहे, तो तुम्ही वाचलाच नाहीत असं वाटतं. दोन झिऑनचं जुनं मशीन काही काम न करता नुसतं बसलं तरी 100 वॅटच्या आसपास घेतं, डिस्क जास्त असतील तर अजून वर. 100 वॅट धरा, दिवसाला 2.4 युनिट, महिन्याला 72. माझं थिंकसेंटर एम720क्यू (लेनोवोचा छोटा पीसी), आय5-8500टी प्रोसेसरवालं, सगळे व्हीएम (आभासी मशीन) चालू पण निवांत असताना प्लगमधल्या मीटरवर 10 ते 12 वॅट दाखवतं, म्हणजे महिन्याला सात ते नऊ युनिट. आता महावितरणचं घरगुती बिल टप्प्याटप्प्याने असतं, 100 पर्यंत एक दर, मग 300 पर्यंत वेगळा, मग 500 पर्यंत वेगळा. ज्याचं घर 250 युनिटवर आहे त्याच्यात तुमचे 72 टाकले की तो 300 च्या पुढे गेला, आणि पुढचं प्रत्येक युनिट वरच्या दराने. हे दर महिन्याला, मशीन आहे तोवर. स्वस्तात मिळालेल्या रॅक सर्व्हरची किंमत अशी हळूहळू वसूल होते आणि ती घरातल्या बाकीच्यांनाही भरावी लागते.

आमच्या सांगलीत एप्रिल-मे कसा असतो ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. 100 वॅट वीज आत गेली म्हणजे तेवढीच उष्णता खोलीत आली, ती कुठे जाणार? लाईट गेली की तोच भार इन्व्हर्टरवर, साध्या सीलिंग फॅनपेक्षा जास्त. आणि आवाज! एक-यू, म्हणजे रॅकमधल्या सगळ्यात पातळ मशीनमधले ते चाळीस मिलिमीटरचे फॅन लेकरं झोपतात त्या खोलीत लावून बघा एकदा, मग या मला शिकवायला.

"खेळणं" म्हणालात म्हणून सांगतो, ही छोटी मशीन ऑफिसात, काउंटरवर रोज दिवसभर चालायलाच बनवलेली आहेत. मागचा एक स्क्रू काढला की वरचं झाकण पुढे सरकतं, आत 2.5 इंची डिस्कची जागा. उलटं करून तळाचं झाकण काढलं की एम.2 एसएसडीचा स्लॉट आणि रॅमचे दोन स्लॉट समोर. ब्रशने धूळ काढायची, वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावायची, झालं. प्रोसेसर 2018 चा असला तरी सहा कोअर आहेत, आभासी मशीनसाठी लागणारं व्हीटी-एक्स आहे, व्हीटी-डी आहे, केव्हीएमला (लिनक्समधलं व्हीएम चालवणारं तंत्र) अजून काय पाहिजे? होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं चालवणारं), डॉकरसाठी (प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं) एक डेबियन लिनक्स, हिशेबासाठी एक विंडोज, आणि पाय-होल (जाहिराती अडवणारं) एलएक्ससीमध्ये, म्हणजे हलक्या कंटेनरमध्ये. घरात आधी कमी पडते ती रॅम, कोअर नाही. 32 जीबीत विंडोजला 8, डेबियनला 6, होम असिस्टंटला 4 दिली, पाय-होलला तर अर्धा जीबी भरपूर झाला, तरी हात राखून उरतंय. तुमच्या दोन झिऑनचे चोवीस कोअर घरी करणार काय, तेवढं तरी लिहायचं होतंत.

एक गोष्ट मान्य करतो. लेखात वर "35 वॅटचा प्रोसेसर" आणि खाली 10-12 वॅटचं रीडिंग, हे वाचून एखादा गोंधळू शकतो. 35 हा टीडीपी, म्हणजे सतत पूर्ण लोडवर मूळ वेगाने चालताना किती उष्णता काढून टाकावी लागेल त्याचा आकडा, रिकामं असताना प्रोसेसर सी-स्टेटमध्ये, म्हणजे वीज वाचवणाऱ्या अवस्थेत, झोपतो आणि वापर खूप खाली येतो. ती ओळ आता घातली आहे, त्याबद्दल तुमचे मनापासून आभार.

बाकी मुद्दे. "प्रॉक्समॉक्स कशाला, ईएसएक्सआय टाका" म्हणताय. ते व्हीएमवेअरचं तसलंच सॉफ्टवेअर, आणि व्हीएमवेअर विकत घेतलेल्या ब्रॉडकॉमने 2024 च्या फेब्रुवारीत फुकटचं ईएसएक्सआय बंद केलं आणि 2025 च्या एप्रिलमध्ये परत दिलं. मधल्या काळात ज्यांनी आपलं मशीन दुसऱ्या सॉफ्टवेअरवर हलवलं ते परत कशाला जातील? ईसीसीशिवाय झेडएफएस (डिस्कवर डेटा साठवायची एक फाइल सिस्टीम) लावू नये हा वाद फार जुना आहे, त्यात मला पडायचं नाही. बॅकअप त्याच एसएसडीवर आहे म्हणालात, पण बॅकअप हा त्या लेखाचा विषयच नव्हता.

दिशाभुलीचा आरोप मात्र मी सोडून देणार नाही. मला विचारणारी पोरं बहुतेक कॉलेजातली, वडिलांच्या घरात राहणारी. त्यांनी तुमचं ऐकून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वीस किलोचं धूड घरी आणलं की पहिल्या बिलानंतर ते बंद होणार आणि पोराचं लिनक्स शिकणंही तिथेच थांबणार, कारण घरात ते कोणी चालू ठेवू देणार नाही. छोटं मशीन कोणाच्या डोळ्यात येत नाही, ते चालू राहतं, आणि मशीन चालू राहिलं तरच पोरगं शिकतं.

तुमच्याकडे तो रॅक सर्व्हर खरंच घरी चालू असेल तर प्लगचं मीटर लावा, काही काम नसतानाचं रीडिंग, डिस्क किती, मशीन कुठल्या खोलीत, एवढं लिहा. आणि नावानिशी लिहा, मग बोलू.