‘सवय लावून मीटर बसवला’ या तक्रारीला उत्तर

नमस्कार.

आमच्या एआय टूलला एक तारा देऊन आपण लिहिलंय : ‘आधी ठरावीक रकमेत हवं तेवढं वापरू दिलं, सवय लागल्यावर मीटर बसवला. पंधरा दिवसांत क्रेडिट संपले.’ महिन्याचा खर्च आधी कळायला हवा, ही अपेक्षा रास्तच आहे. पण सवय लावण्यासाठी स्वस्त दिलं, हे मला मान्य नाही.

ठरावीक दर ठेवला तेव्हा लोक प्रश्न विचारायचे, उत्तर घ्यायचे आणि थांबायचे. कुणाचा वापर कमी, कुणाचा जास्त, ते सरासरीत भागून जायचं. एजंट, म्हणजे स्वतःच पायरीपायरीने काम करणारे एआय, आले आणि ते गणित कोलमडलं. एका सूचनेवर एजंट फाइली उघडतो, कोड लिहितो, चालवून बघतो, अडला की पुन्हा लिहितो. दर वेळी मॉडेलकडे नवी विनंती जाते आणि तिचे पैसे आम्हाला टोकन, म्हणजे मजकुराचे छोटे तुकडे, मोजून भरावे लागतात. मोठ्यांचीही यातून सुटका नाही. महिना 200 डॉलरच्या चॅटजीपीटी प्रोमध्ये तोटा होतोय, असं ती बनवणाऱ्या ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी जानेवारी 2025 मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं. लोकांचा वापर अंदाजापेक्षा जास्त निघाला होता.

आपल्या खात्याचा तपशील इथे उघड करणार नाही. क्रेडिट झपाट्याने संपण्याचं नेहमीचं कारण मात्र सांगतो. मॉडेलला मागचं काही आठवत नाही, त्यामुळे प्रत्येक प्रश्नासोबत आधीची सगळी चॅट पुन्हा पाठवावी लागते. 50,000 टोकनचा अहवाल जोडून त्याच चॅटमध्ये 40 प्रश्न विचारले, तर नुसता अहवालच 20 लाख टोकन होतो. आधी पाठवलेला मजकूर साठवून ठेवणाऱ्या कॅशमुळे (cache) दर बराच उतरतो, पण शून्य होत नाही. म्हणून विषय बदलला की नवी चॅट उघडा आणि लागतील तेवढीच पानं जोडा.

मला स्वतःला खटकते ती गोष्ट वेगळीच आहे. तोच मजकूर इंग्रजीपेक्षा मराठीत जास्त टोकन खातो, म्हणजे आपल्या भाषेत काम करणाऱ्याला जास्त भुर्दंड. ओपनएआयच्या जीपीटी-4ओ मॉडेलच्या टोकनायझरने, म्हणजे मजकुराचे टोकन पाडणाऱ्या भागाने, मराठीचे टोकन आधीच्या निम्म्याहून खाली आणले, तरी फरक अजून पुरता मिटलेला नाही.

जुना दर परत आणायचा तर दोनच वाटा उरतात : सगळ्यांचेच पैसे वाढवायचे, किंवा न सांगता हलकं मॉडेल जोडायचं. पहिल्या वाटेत कधीमधी वापरणाऱ्याने दिवसरात्र एजंट चालवणाऱ्याचा खर्च उचलायचा. दुसरी तर मी कधीच धरणार नाही.

सेटिंगमध्ये ‘मासिक मर्यादा’ आहे. तिथे आपली रक्कम टाका. ती गाठली की टूल थांबतं, वर एक पैसाही लागत नाही. नोंदणीच्या ईमेलवरून आम्हाला लिहिलंत, तर कोणत्या कामाला किती टोकन गेले याची यादी पाठवतो. ती पाहूनही पटलं नाही, तर या महिन्याचे पैसे परत करू.