शोकांतिकेचा शेवट गोड कसा करावा

अभिजात नाटकावरून अ‍ॅनिमेशनपट काढायचं मनात आलंय ना? उत्तम. लेखक चारशे वर्षांपूर्वीच वारलाय, मानधनासाठी फोन करणार नाही. गोष्ट सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे ती नीट सांगायचीही सक्ती नाही. अडचण एकच. चांगल्या नाटकांत माणसं मरतात.

यावरचा तोडगा शिकायचा तर शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'वरून काढलेला 2011चा 'नोमिओ अँड ज्युलिएट' वही-पेन घेऊन बघा. इथले प्रेमी म्हणजे नोम, बागेत ठेवायच्या टोकदार टोप्यांच्या बुटक्या मूर्ती. गाव स्ट्रॅटफर्ड, खुद्द शेक्सपिअरचं. कॅप्युलेट आणि माँटेग्यू, नाटकातली दोन हाडवैरी घराणी, इथे शेजारी शेजारी राहतात. एका बागेत लाल टोप्या, दुसरीत निळ्या. पण खरी अक्कल रंगात नाही, मूर्तींच्या जातीत आहे. माणूस मरतो, मूर्ती फुटते. आणि फुटलेलं चिकटवता येतं! लाल टोप्यांचा भांडखोर टिबॉल्ट गवत कापायच्या यंत्रासकट भिंतीवर आदळतो, त्याच्या ठिकऱ्या उडतात; शेवटच्या नाचगाण्यात बघावं तर गडी जोडूनबिडून हजर. मूळ नाटकात सहा जीव जातात. तेव्हा नाटकातल्या गावी, व्हेरोनात, चांगला गोंद मिळत नसावा.

पटकथेला अर्ध्या डझनाहून जास्त नावं आहेत. एकट्या माणसाने मारलेल्यांना वाचवायचं तर एवढे हात लागणारच.

आता सुरुवातीकडे लक्ष द्या. मूळ नाटक चौदा ओळींच्या सुनीताने उघडतं आणि त्यातच शेक्सपिअर सांगून मोकळा होतो, की ही दोघं जीव देणार. धंद्याच्या दृष्टीने शुद्ध वेडेपणा. सिनेमात एक चिमुकला नोम ती प्रस्तावना वाचायला रंगमंचावर येतो आणि त्याच्या पायाखालची फळीच उघडते. गेला खाली. ही फळी लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मूळ लेखकाचं काय, असा एक चिकट प्रश्न उरतो. त्याचाही पुतळा करा. सिनेमात शेक्सपिअर बागेतल्या चौथऱ्यावर आहे, आवाज पॅट्रिक स्ट्युअर्टचा. तो नोमिओला खरा शेवट ऐकवतो, वर आपल्याला मरणाचाच शेवट जास्त आवडतो असंही म्हणतो. म्हणू द्या. टीकाकार जे लिहिणार ते आपणच आधी बोलून टाकलं, आणि चौथऱ्यावरचा माणूस खाली उतरून पटकथेला हात लावत नाही. गाणी एल्टन जॉनची घ्या, म्हणजे स्वगतांना जागाच उरत नाही.

पाप लागेल म्हणून घाबरू नका, वाट जुनीच आहे. नेहम टेट या इंग्लिश कवीने 1681मध्ये शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'ची डागडुजी केली: मरणारा लिअर जगला, त्याच्या लेकीचं, कॉर्डेलियाचं, लग्न जमलं, विदूषकाला नारळ दिला. दीडशे वर्षं रंगभूमीवर हेच चाललं. त्याच्याही आधी जेम्स हॉवर्ड या नाटककाराने रोमिओ-ज्युलिएटला जिवंत ठेवलं होतं. तेव्हा लंडनमध्ये म्हणे एक दिवस मरणारी जोडी, दुसऱ्या दिवशी जगणारी, असे आलटून पालटून प्रयोग होत. आजच्या निर्मात्यांकडे एवढाही उदारपणा नाही.

मूर्ती नको असतील तर सिंह घ्या. 'द लायन किंग'मध्ये, 1994 साली, हॅम्लेटचा काका आहे, खून आहे, ढगांत दिसणारा बापही आहे. फक्त हॅम्लेट मरायचा राहिला. उलट त्याला बाळ झालं.

एक वाट मात्र टाळा. चेक दिग्दर्शक यिरी त्रन्का याने 1959मध्ये 'मिडसमर नाइट्स ड्रीम' बाहुल्यांवर केला. त्याने पात्रांचे संवाद जवळजवळ काढूनच टाकले आणि काव्य बाहुल्यांच्या हालचालींत ठेवलं. पापणीसुद्धा न हलणाऱ्या चेहऱ्यांकडे प्रेक्षकाने टक लावून बघायचं! एवढी मेहनत मुलांकडून करून घेणं बरं नव्हे.

शेवटचा सल्ला स्वतःच्या चुकीतून देतो. माझ्या सात वर्षांच्या भाचीने नोमिओ पडझडीतून बाहेर आल्यावर टाळ्या पिटल्या. मी शहाणपणा करून तिला खरा शेवट सांगितला: ज्युलिएट औषध घेऊन मेल्याचं सोंग करते, तसं कळवणारं पत्र रोमिओला पोचत नाही, तो जीव देतो, आणि जागी झाल्यावर तीही. वाटलं, रडेल. तिने विचारलं, "पत्र का नाही पोचलं?"

म्हटलं, रोगाची साथ होती. पत्र नेणाऱ्याला घरात कोंडून घातलं.

"मग दुसऱ्या कुणाबरोबर पाठवायचं ना."

म्हटलं, लागण होईल म्हणून कुणी हातच लावेना.

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मामा, ती जागी होते ना, तिथून परत सांग."

अशी पोरं धंद्याला घातक. थिएटरात त्यांच्या खुर्चीखाली ती फळी आधीच बसवून घ्या.