वाळवंटात निघताय? आधी पाण्याचं वजन करा

डिसेंबरात आम्ही तिघं जैसलमेरला निघालोय. तीन दिवस पायी, दोन रात्री वाळूत मुक्काम. साताऱ्यात ज्याला सांगावं तो म्हणतो, "वासोटा केलाय की तुम्ही, तिथं तर सगळं सपाटच!" हे ऐकून काळजी वाटते, म्हणून लिहितोय.

सह्याद्रीनं आपल्याला एक सवय लावलीय. चढ कितीही उभा असला तरी पुढं कुठंतरी टाकं असतं, झरा असतो, नाहीतर एखादी वाडी लागते. दोन लिटरची बाटली घेऊन आपण निघतो. पण आपल्या महाबळेश्वरात वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि जैसलमेरला जेमतेम 200च्या आसपास. ती सवय तिथं चालायची नाही.

मला हे माणदेशानं शिकवलं. मागच्या मार्चात शिखर शिंगणापूरच्या बाजूला माळानं चालत होतो. बारा वाजता मावसभावाच्या पायात गोळे आले, थोड्या वेळानं तो तुटक बोलायला लागला. पाणी संपलेलं, वाटेतली विहीर कोरडी. एका वस्तीवरच्या आजींनी मीठ-साखर घालून तांब्याभर पाणी दिलं, सावलीत निजवलं, तेव्हा तो सावरला. बेत माझा होता, चूकही माझीच. तेव्हापासून मी अंतर नंतर बघतो, आधी पाणी मोजतो.

आता हिशेब बघा. माणशी रोज चार लिटर प्यायला, एक लिटर स्वयंपाकाला. आम्ही तिघं आणि उंटवाला चौथा. त्याचं पाणी धरायला बरेचजण विसरतात. तीन दिवसांचे झाले 60 लिटर, म्हणजे 60 किलो. एवढं पाठीवर घेऊन वाळूत चालणं होत नाही, म्हणून उंट. आम्ही त्याच्यावर बसणार नाही, तो पाणी वाहणार. चालायचं पहाटे आणि चारनंतर. दुपार खेजडीखाली काढायची. खेजडी म्हणजे आपली शमीच, दसऱ्याला पुजतो ती. सरपणासाठी तिची फांदीसुद्धा तोडायची नाही, हे आमच्यात पक्कं ठरलंय.

रात्रीचं वेगळंच. दिवसा शर्ट भिजतो आणि पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येऊ शकतो, कारण कोरडी हवा आणि निरभ्र आभाळ उष्णता धरून ठेवत नाही. कानटोपी आणि जाड स्लीपिंग बॅग हवीच. तंबूच्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत. पिशव्यांत वाळू भरायची, दोरी बांधायची आणि पुरायच्या. टेकडीच्या माथ्यावर वारा झोडपतो, तिथं तंबू नको.

सम या गावाजवळच्या, पर्यटकांच्या नेहमीच्या वाळूच्या टेकड्यांवर जायचं आम्ही टाळलं. शहरापासून 40 किलोमीटरवर तंबूंच्या रांगा आणि रात्री स्पीकर, हे मला पटत नाही. जवळच मरू राष्ट्रीय उद्यान आहे, 3162 चौरस किलोमीटरचं, माळढोक पक्ष्याचं मोठं आश्रयस्थान. आपल्या नान्नजला आता तो दिसणं किती अवघड झालंय, हे सोलापूरकरांना विचारा. जैसलमेरकडं तरी त्याला शांतता मिळू द्या. आम्ही खुरी गावाच्या बाजूनं, गावातल्याच माणसाला घेऊन जातोय. उद्यानाच्या हद्दीत आणि सीमेकडच्या भागात परवानगी लागते, त्यामुळं रस्ता त्यालाच विचारून ठरवला.

शिदोरीला दशम्या, गूळ आणि शेंगदाण्याची चटणी. चटणीत तिखट-मीठ कमी, तहान वाढायला नको. निघण्याआधी दोन रविवार म्हसवडच्या माळावर पूर्ण वजन घेऊन चालणार आहोत. कुणाला सरावाला यायचं असेल तर कळवा, पाच लिटर पाणी आपापलं आणा.