फाटलं म्हणजे ऑपरेशनच?

भात कापून झालं की आमच्या डिचोलीकडे रिकाम्या शेतांत फुटबॉल सुरू होतो, आणि घोटे मुरगळायलाही. शेजारच्या पोराचा पाय बांधाजवळच्या खळग्यात गेला. रात्रीपर्यंत घोट्याच्या बाहेरच्या अंगाला अंड्याएवढी सूज. डॉक्टर म्हणाले, लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारी पट्टी, फाटलंय. तेवढ्यात त्याच्या आईच्या मोबाईलवर तो फिरता मेसेज येऊन थडकला: 'फाटलेलं लिगामेंट जुळत नाही, ऑपरेशनच लागतं. चालता येत असेल तर हाड शाबूत, एक्स-रे नको, थेट एमआरआय काढा. दीड महिना पाय टेकू नका.'

'जुळत नाही' हे साफ चूक. मला वाटतं, गुडघ्याचा नियम कुणीतरी घोट्याला चिकटवलाय. गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट सांध्याच्या आत असतं, तुटलं की त्याची टोकं सहसा आपणहून जुळत नाहीत. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला तीन लिगामेंट असतात. पाय आत वळला की बहुधा पुढचं आधी जातं, आणि ते सांध्याच्या वेष्टनालाच चिकटलेलं असल्यामुळे टोकं फार लांब जात नाहीत. पूर्ण फाटलेलंही बहुतेकांचं ऑपरेशनशिवाय भरून येतं. फक्त दुखणं काही आठवड्यांत थांबतं, लिगामेंट पक्कं व्हायला महिने लागतात. पोरं फसतात ती इथेच.

चालता येतं म्हणजे हाड शाबूत? मोडलेल्या हाडावर लंगडत घरी आलेले मी पाहिलेत. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 साली यासाठी सोपे नियम दिले. मार लागल्यावर आणि तपासताना चार पावलंही टाकता आली नाहीत, किंवा घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाची मागची कड, टोक, पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावरचं हाड किंवा आतल्या कमानीवरचं हाड दाबल्यावर दुखलं, तर एक्स-रे काढायचा. एमआरआय पहिल्या दिवशी क्वचितच लागतो. बरेच आठवडे उलटूनही दुखत राहिलं, तर बघावं.

दीड महिना पाय अधांतरी ठेवला तर पोटरी वाळते, सांधा आखडतो. जबर दुखापतीत आठ-दहा दिवस प्लास्टर किंवा आधाराचा कडक बूट ठीक, पुढे ब्रेस, म्हणजे घोट्याला आधार देणारा पट्टा, बांधून सोसेल तितकं वजन टाकायचं. आणि हो, पहिल्या दोन-तीन दिवसांत खोबरेल तेलाने रगडणं नको. मेसेजमध्ये ते नव्हतं, पण आजीच्या हातात बाटली होती.

ऑपरेशन लागतंच नाही असं नाही. महिनोन्महिने नीट व्यायाम करूनही घोटा सारखा दगा देत असेल, तर सैल लिगामेंट आवळून शिवतात. स्वीडनचे सर्जन ब्रोस्ट्रॉम यांची 1966 ची ही पद्धत सुधारून आजही वापरतात. घोट्याच्या वर नडगीची दोन हाडं एकमेकांपासून फाकली असतील, तर गोष्ट वेगळी, तिथे थांबायचं नसतं. पोराला तसलं काही नव्हतं.

सध्या तो रोज सकाळी दात घासताना त्याच पायावर बगळ्यासारखा उभा असतो. आई विचारते, हा कसला व्यायाम? घोट्याला तोल परत शिकवायचा हाच व्यायाम. तो टाळला की पुढच्या हंगामात तोच पाय पुन्हा मुरगळतो. माझा तीनदा मुरगळलाय.