नोटेला पिल्लं

रविवारी संध्याकाळी सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका चटणीच्या दुकानात, सात-आठ गिऱ्हाइकं आणि माझी पाचवीतली मुलगी यांच्या साक्षीनं, मला वजाबाकी येत नाही हे जाहीर झालं. आज बुधवार. राग अजून उतरलेला नाही.

तसं घडलं काहीच नाही. पुण्याच्या मेव्हण्यासाठी पाऊण किलो शेंगाचटणी घ्यायची होती. (सोलापुरातनं चटणी मागवायची आणि वर ‘तिखट कमी असलेली बघा’ म्हणायचं, हा पुणेरी प्रकार वेगळ्या लेखाचा विषय आहे.) भाव किलोला 340. मोबाईल मेलेला, म्हणून पाचशेची नोट काढली. दुकानदार म्हणाला, “दोनशे पंचावन्न झाले, साहेब.” गल्ल्यात हात घालता घालता, काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, “परत किती द्यायचे ओ?”

मीही तितक्याच सहज म्हणालो, “दोनशे पंचावन्न.”

दुकानाच्या फळीला टेकून स्टुलावर एक आजोबा बसले होते. पांढरा सदरा, वरची दोन बटणं उघडी, हातात कागदावर घेतलेली चिमूटभर चटणी. ती माझ्याच पुडीतली होती हे मला नंतर कळलं.

“थांब बे, देऊ नको,” ते दुकानदाराला म्हणाले. मग माझ्याकडं वळून, “दोनशे पंचावन्नाची चटणी. दोनशे पंचावन्न परत. दोन्ही मिळून किती झाले?”

मी हसलो. हसून वेळ मारून नेता येते असा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

“सांगा की ओ.”

“पाचशे... दहा.”

“नोट कितीची?”

“पाचशेची.”

“मग वरचे दहा कुठनं आले? नोटेला पिल्लं झाली का की?”

दुकानदार आणि त्याचा पोऱ्या तेलुगूत काहीतरी बोलले आणि हसले. सोलापुरात वाढल्यामुळं मला एवढं तेलुगू नक्की कळतं की विषय मीच आहे.

“हातचा विसरलो,” मी म्हणालो.

“हातचा कसा विसरता? हातात तर पिशवी हाय.”

इथं खरं तर पैसे घेऊन निघायला हवं होतं. पण पैसे गल्ल्यात अडकलेले आणि आजोबा रंगात आलेले. मग जुने अपूर्णांकांचे पाढे निघाले. पावकी येते का? निमकी? सवायकी? मी प्रत्येकाला मान हलवत होतो. हो की नाही ते त्यांनी ठरवावं. शेवटी त्यांनी विचारलं, “औट म्हंजे किती?”

‘औट घटकेचं राज्य’ एवढं मला ठाऊक होतं. म्हणालो, “थोडं.”

“थोडं?” ते स्टुलावरनं उठलेच. “औट म्हंजे साडेतीन! घटका चोवीस मिनिटांची. साडेतीन घटका म्हंजे चौऱ्याऐंशी मिनिटं. एवढा वेळ माणूस राज्य करतोय आणि तुम्ही म्हणता थोडं?”

मग ते पुन्हा बसले आणि आण्यांवर आले. 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे निघाले तेव्हा ते शाळेत होते. त्याआधी रुपयाला सोळा आणे, म्हणजे नव्या हिशोबात आण्याला सव्वासहा पैसे. पण सव्वासहाचं नाणं कुठून आणणार? म्हणून तक्ता लागला: एक आणा सहा पैसे, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस. “आता बघा,” आवाज बारीक करून ते म्हणाले, “चार आण्याचे फुटाणे एकदम घेतले तर पंचवीस पैसे. आण्या-आण्याचे चारदा घेतले तर चोवीस. मी चारदा जायचो. एक पैसा सुटायचा.” जवळपास सत्तर वर्षांपूर्वी सुटलेल्या त्या पैशाचा आनंद त्यांच्या तोंडावर अजून होता. मी इथं दहा रुपये जादा मागून चोर ठरलो होतो आणि हा माणूस सरकारी तक्त्यातनं पैसा काढल्याचं सगळ्या दुकानाला सांगत होता. सगळं दुकान कौतुकानं ऐकत होतं!

आता माझ्या बाजूनंही थोडं. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसबरोबर ‘वीस एक’ आलं, तेव्हा मी चहाच्या टपरीवर मराठी वाचवायला तावातावानं बोललो होतो. एकोणीस म्हणजे विसाला एक कमी, पावणेतीन म्हणजे तिनाला पाव कमी; आम्ही वजाबाकी करूनच तोंड उघडतो, असलं बरंच काही. रविवारपासनं मी जरा गप्प आहे. घरी सांगताना मी बचाव असा केला की पंचेचाळीस आणि पंचावन्न यांत जीभ घसरली. ‘चाळीस पाच’ असतं तर घसरली नसती. खरं सांगायचं तर जीभ घसरली नव्हती. डोकं घसरलं होतं.

शेवटी दुकानदारालाच माझी दया आली. त्यानं माझ्या तळहातावर पाचचं नाणं ठेवलं आणि म्हणाला, “दोनशे साठ.” वर वीसच्या दोन नोटा, “तीनशे.” मग शंभराच्या दोन, “चारशे, पाचशे. झालं.” हातचा नाही, उसना नाही, वजाबाकीच नाही. गडी चटणीपासनं नोटेपर्यंत चालत गेला आणि वाटेत टाकलेले पैसे मला दिले.

आणि इथं माझं खरं दुखणं आहे. गेल्या महिन्यात मुलीला चाचणीत 5 वजा 2¾ आलं होतं. तिनं अगदी हेच केलं. पावणेतीनला पाव टाकला की तीन, दोन टाकले की पाच, उत्तर सव्वादोन. बरोबर! पण पायऱ्या नाहीत म्हणून चारातले दोन गुण कापले. पाचाचे 20 छेद 4 करायचे, पावणेतीनाचे 11 छेद 4 करायचे, मग 9 छेद 4, मग पुन्हा 2¼. घरातनं निघून घरी यायला शहराला चक्कर मारायची. तीच चाचणी, 0.5 मोठं की 0.25? हिनं 0.25 लिहिलं, कारण पंचवीस मोठे. मी समजावलं, “अगं, आठाणे मोठे की चाराणे?” ती म्हणाली, “चाराणे म्हणजे?” बरोबरच आहे, पावली 30 जून 2011 पासनं चलनातच नाही, या बाईंचा जन्म त्यानंतरचा.

दुकानातनं येताना स्कूटरवर ती एक शब्द बोलली नाही. काल रात्री तोच पेपर घेऊन आली. सही आईची झाली होती, ती फक्त दाखवायला आली होती. विसापैकी साडेअकरा.

“बाबा, किती गेले?”

मी घाई केली नाही. साडेअकराला अर्धा टाकला, बारा. आठ टाकले, वीस. “साडेआठ.”

तिनं बोटांवर ताळा करून पाहिला.

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “पायऱ्या कुठायत?”